शहाजोग कोण? : चिठ्ठीवरच्या शब्दांची निवड

लग्नघरी, गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी किंवा दिवाळीच्या सुटीत सारे आप्तेष्ट एका छताखाली जमतात. संध्याकाळचे जेवण लवकर उरकलेले असते, रात्र मोठी असते, आणि तीन पिढ्या एकत्र बसतील असा खेळ मात्र सहजी सापडत नाही. पत्त्यांच्या बहुतेक डावांना चारच भिडू लागतात. भेंड्या लावल्या तर आजोबांची गाणी नातवाला ठाऊक नसतात आणि नातवाची आजोबांना. राजा-मंत्री-चोर-शिपाई हा चिठ्ठ्यांचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी खेळलेला आहे. पण त्यात चोर ओळखण्यासाठी चेहऱ्यापलीकडे काहीच हाती नसते. चार-दोन डावांत त्याची गोडी सरते.

अलीकडे अनेक घरांत मुलांनी एक नवा खेळ आणला आहे. त्याला कोणी 'गुप्तहेर' म्हणतात, कोणी आणखी काही. साहित्य म्हणाल तर कागदाचे तुकडे आणि एक पेन्सिल. परंतु या खेळाची सारी मदार चिठ्ठीवर कोणते शब्द लिहिले यावर असते. शब्द नेमके असले तर आजीपासून दहा वर्षांच्या नातीपर्यंत सर्व जण तासभर रंगून जातात. शब्द चुकले तर पाच मिनिटांत एखादा बिचारा उघडा पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखाद्याचे मन दुखावते. म्हणून या शब्दनिवडीचा थोडा तपशिलाने विचार करावा, असे वाटते.

खेळाचे घराणे

बोलण्यातून छुपा गडी ओळखण्याचे खेळ आज जगभर खेळले जातात. १९८६ साली मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव यांनी 'माफिया' नावाचा खेळ रचला. तो पुढे अनेक देशांत पसरला. पण त्यात दर रात्री कोणाचा तरी 'खून' होतो, आणि बाहेर गेलेला गडी ताटकळत बसतो. २०१४ साली रशियातीलच अलेक्झांडर उशान यांचा 'स्पायफॉल' आला. त्यात सर्वांना एक ठिकाण ठाऊक असते, हेराला तेवढे नसते. २०१७ मधील 'कॅमेलिऑन', म्हणजे रंग बदलणारा सरडा, या इंग्लंडमधील खेळात पत्त्यावरच्या सोळा शब्दांपैकी ठरलेला शब्द एका खेळाडूस कळू दिला जात नाही. चीनमध्ये आणि आता आपल्याकडेही दोन जवळच्या शब्दांचा प्रकार लोकप्रिय आहे. घरगुती बैठकीसाठी मला हाच सर्वांत सोयीचा वाटतो.

त्याची रीत अशी. समजा, सात खेळाडू आहेत. सहा जणांच्या चिठ्ठीवर एक शब्द असतो आणि सातव्याच्या चिठ्ठीवर त्याच्या जवळचा दुसरा. आपण बहुसंख्यांत आहोत की एकटे, हे आरंभी कोणासच ठाऊक नसते. प्रत्येकाने पाळीपाळीने आपल्या शब्दाविषयी एक लहानसे वाक्य बोलावयाचे. शब्द उच्चारावयाचा नाही. एक फेरी झाली की मत द्यावयाचे. ज्यास अधिक मते, तो बाहेर, आणि त्याची चिठ्ठी उघड. वेगळा शब्द असणारा शेवटच्या तिघांपर्यंत टिकला तर तो जिंकला.

आमच्या घरी आम्ही या खेळास 'शहाजोग' हे नाव दिले. जुन्या बाजारात हुंडीचे दर्शनी, मुदती, धनीजोग, शहाजोग असे प्रकार असत. शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या 'शहा'सच द्यावी, असा संकेत होता. रोजच्या मराठीत मात्र शहाजोग म्हणजे वरून साळसूद दिसणारा आणि आत काही वेगळेच असलेला. पत आणि पतवान असल्याचा आव, दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत आहेत. या खेळास याहून समर्पक नाव मिळणे कठीण.

खोटे न बोलता लपणे

सत्याचा संस्कार असलेल्या घरात वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुलांना खोटे बोलण्याचा सराव कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शब्दांच्या निवडीतच आहे. जोडी योग्य असेल तर या खेळात एकासही असत्य बोलावे लागत नाही.

उदाहरण घेऊ. सहा जणांना 'पासबुक' आणि एकास 'चेकबुक' दिले. पहिला म्हणतो, 'बँकेतून मिळते.' दुसरा, 'आत पाने असतात.' तिसरा, 'खाते क्रमांक असतो.' चौथा, 'कपाटात जपून ठेवतात.' ही चारही वाक्ये दोन्ही वस्तूंना लागू आहेत. पाचवा म्हणतो, 'शिल्लक कळते.' आता चेकबुकवाल्याच्या ध्यानात येते की वेगळे आपणच. त्याने काय म्हणावे? 'मोबाइल आल्यापासून हे कमी लागते.' हे वाक्य चेकबुकाबद्दल पूर्णपणे खरे आहे आणि पासबुकालाही शोभते. तो लपला, पण खोटे बोलला नाही.

बहुसंख्यांपुढेही पेच असतोच. फार स्पष्ट बोलले तर वेगळ्या गड्याला शब्द कळतो आणि तो सावध होतो. फार मोघम बोलले तर संशय आपल्यावरच येतो. किती बोलावे आणि किती राखावे, हा तोल प्रत्येक वाक्यात सांभाळावा लागतो. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यास हा तोल नव्याने शिकवावा लागत नाही. जोडी वाईट असेल तर मात्र हा तोल उरत नाही, आणि एकट्या पडलेल्या गड्यास खोट्याचाच आधार घ्यावा लागतो.

अंतर किती असावे?

चांगल्या जोडीतले दोन शब्द शेजारच्या घरांसारखे असावेत: भिंत एक, दारे दोन. 'जहाज' आणि 'लोणचे' यांत काहीच समान नाही. पहिल्याच वाक्याला हशा पिकतो आणि डाव संपतो. उलट 'बटाटा' आणि 'आलू' ही एकाच वस्तूची दोन नावे झाली. तेथे ओळखण्यासारखे काही नाही.

मी पाच विधानांची कसोटी लावतो. पहिल्या शब्दाविषयी सहज सुचणारी पाच विधाने कागदावर लिहावीत आणि दुसऱ्या शब्दास लावून पाहावीत. तीन जुळली आणि दोन जुळली नाहीत, तर जोडी उत्तम. पाचही जुळली तर फार जवळची, एकच जुळले तर फार लांबची.

'पापड' आणि 'खाकरा' घ्या. दोन्ही गोल, दोन्ही पातळ आणि कुरकुरीत, दोन्ही डब्यात राहणारे. येथवर समान. पण पापड उन्हात वाळतो आणि खाकरा तव्यावर दाबून भाजला जातो; पापड बहुधा ताटात डावीकडे वाढला जातो, तर खाकरा सकाळच्या चहाबरोबर येतो. तीन आणि दोन, हिशेब जुळला.

'झोपाळा' आणि 'पाळणा' ही माझी आवडती जोडी. दोन्ही झुलतात, दोन्ही टांगलेले असतात, दोन्हींवर झोप लागते, दोन्हींशी गाणी जोडलेली आहेत. 'त्यात बसलेले आता आठवत नाही' असे कोणी म्हणाले, की सारे जण त्याच्याकडे वळून पाहतात.

शब्दात बोलण्यासारखा ऐवजही भरपूर हवा. 'सुई' आणि 'टाचणी' ही जोडी कसोटीस उतरते. परंतु चौघे बोलून झाले की पाचव्याजवळ सांगण्यासारखे काही राहत नाही. आठ जणांच्या दोन फेऱ्या म्हणजे जवळजवळ सोळा वाक्ये. ज्या वस्तूला ऋतू आहे, जागा आहे, वापरणारी माणसे आहेत, आठवणी आहेत, तीच इतका वेळ पुरते.

अनेकार्थी शब्द टाळावेत. 'काटा' म्हटले की व्यापाऱ्याला वजन आठवते, मुलाला घड्याळ आणि शेतातून आलेल्या पाहुण्याला बाभूळ. तिघांजवळ तोच शब्द असूनही तिघे एकमेकांना शहाजोग समजू लागतात. असा डाव गोंधळात संपतो आणि हरलेल्याला आपण का हरलो हेही कळत नाही.

तो, ती, ते

इंग्रजीतून आयत्या याद्या घेऊन त्यांचे भाषांतर करणाऱ्यांची मराठीत एका ठिकाणी हमखास अडचण होते, ती म्हणजे लिंग. 'पेढा' आणि 'बर्फी' ही जोडी कागदावर फार छान दिसते. पण पहिला खेळाडू म्हणतो, 'तो गोड असतो,' आणि तिसरी म्हणते, 'ती दिवाळीत आणतात.' तेथेच डाव संपला. आपले क्रियापद आणि विशेषण नामाचे लिंग बोलून दाखवतात. इंग्रजीत वस्तूंच्या नावांबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

म्हणून मराठीतील जोडी समलिंगी असावी. पापड-खाकरा दोन्ही पुल्लिंगी, झोपाळा-पाळणा तसेच. पासबुक-चेकबुक दोन्ही नपुंसकलिंगी. आगगाडी-एसटी, आत्या-मावशी, नदी-विहीर या स्त्रीलिंगी जोड्या. वचनही सारखे हवे. एकीकडे 'पोहे' आणि दुसरीकडे 'उपमा' असे नको, कारण 'ते' आणि 'तो' यांत भेद आलाच.

एखादी भिन्नलिंगी जोडी फारच आवडली असेल, तर नियम बदलावा: प्रत्येकाने पूर्ण वाक्याऐवजी एकच नाम बोलावे. 'दूध', 'सण', 'हलवाई' अशा सुट्या शब्दांतून लिंग प्रकट होत नाही. पण वाक्य बोलण्यात जी मौज आहे ती त्यात उणी होते.

अज्ञानाला गुन्हा ठरवू नये

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या खेळात जो अडखळतो त्याच्यावर संशय घेतला जातो. परंतु माणूस दोन कारणांनी अडखळतो: त्याचा शब्द वेगळा असतो म्हणून, किंवा त्याला शब्दच ठाऊक नसतो म्हणून. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते.

आपल्या घरांतून हे विशेष जाणवते. घरात कोणाची बोली मारवाडी, कोणाची गुजराती, कोणाची कानडी वळणाची मराठी, कोणाची वऱ्हाडी. लग्न होऊन चार महिने झालेल्या सुनेच्या हाती 'कुरडई' ही चिठ्ठी आली आणि तिच्या माहेरी हा शब्दच नसेल, तर ती काय बोलणार? ती काहीतरी मोघम बोलते, सर्वांची बोटे तिच्याकडे वळतात, चिठ्ठी उघडते, आणि तिच्या हातात बहुसंख्यांचाच शब्द निघतो. सगळे हसतात. तीही हसते. पण 'या घराचे शब्द आपले नाहीत' ही जाणीव त्या हसण्यात मिसळलेली असते. घरात नव्याने आलेल्या माणसाला खेळात सामील करून घ्यावयाचे, आणि खेळानेच परके ठरवावयाचे, हे कोणास रुचेल?

वयाचेही तसेच आहे. १९५७ साली नवे पैसे आले, १९५८ पासून किलो-लिटर टप्प्याटप्प्याने रूढ झाले. माझ्या पिढीने शेर-पायलीचा हिशेब बहुतांशी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. आजच्या नातवंडांनी तोही ऐकलेला नाही. 'सोळा आणे खरे' असे ती म्हणतात, पण आणा पाहिलेला नसतो. दुसऱ्या बाजूस 'रील' आणि 'स्टेटस' ही जोडी मुलांना हाताचा मळ, तर पणजीला कोडे.

मग जुने शब्द सोडून द्यावेत काय? मुळीच नाही. येथे एक सोपा उपाय आहे. खेळापूर्वी त्या रात्रीच्या सर्व शब्दांची यादी मोठ्याने वाचावी. वीस जोड्या असतील तर चाळीस शब्द, उलटसुलट क्रमाने, जोड्या न सांगता. ज्याला जो शब्द ठाऊक नसेल त्याने तेव्हाच विचारावा, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावा. चिठ्ठ्या वाटण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाने कोणी उघडा पडत नाही. माझ्या अनुभवाने ही दहा मिनिटांची उजळणी खेळाइतकीच रंगते.

'कीर्द' आणि 'खतावणी' ही जोडी मी मुद्दाम यादीत ठेवतो. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही हिशेबाच्या वह्या, दोन्ही दुकानात गादीजवळ असायच्या. कीर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे लिहिला जातो, खतावणीत तोच व्यवहार खात्याप्रमाणे मांडला जातो. आता संगणकात एकदा आकडा भरला की तो दोन्हीकडे आपोआप जातो, त्यामुळे दुकानदाराच्या मुलालाही हे दोन शब्द वेगळे सांगता येतील असा भरवसा राहिलेला नाही. उजळणीत आजोबांनी दोन वाक्यांत फरक सांगावा. मग डावात नात म्हणते, 'यात माणसांची नावे शोधावी लागतात,' आणि आजोबा दचकतात, कारण त्यांच्या हाती कीर्द आहे. वाणिज्य शाखेच्या वर्गात जे तासभर समजावून सांगावे लागते, ते येथे एका वाक्यात लक्षात राहते.

'अडत्या' आणि 'दलाल' अशीच जोडी. दोघेही दुसऱ्याचा माल विकून देतात, दोघांनाही आपला वाटा मिळतो. पण अडत्या माल आपल्या दुकानी उतरवून घेतो. दलाल केवळ दोघांची गाठ घालून देतो. ज्या घराची बाजारपेठेशी तीन पिढ्यांची ओळख आहे, त्या घरातील मुलांना एवढा फरक ठाऊक असावा.

जे शब्द चिठ्ठीवर नसावेत

काही शब्द कसोटीस उतरूनही वर्ज्य ठेवावेत. या खेळात प्रत्येक वाक्याकडे दुहेरी कान लावून ऐकले जाते. एरवी सहज निघून गेलेले वाक्य येथे दहा माणसे तोलून पाहतात. अशा वेळी 'उधारी' हा शब्द, ज्याची वसुली अडली आहे अशा माणसासमोर नको. 'वाटणी' किंवा 'मृत्युपत्र' हे शब्द, जेथे भाऊ-भाऊ एका दुकानात आहेत तेथे नकोत. खेळात निघालेले एक वाक्य महिनाभर घोळत राहते. 'सासू' आणि 'आई' ही जोडी वरवर मजेची वाटते, पण तिची उत्तरे स्वयंपाकघरात वेगळ्या अर्थाने पोहोचतात. कोणाचा रंग, वजन, शिक्षण, लग्नाचे वय यांकडे बोट जाईल असे शब्दही नकोत. देव-गुरूंची नावे आणि व्रते थट्टेच्या खेळात आणू नयेत, हे वेगळे सांगावयास नकोच.

यासोबत एक नियम आरंभीच सांगून टाकावा: वाक्य वस्तूविषयी असावे, समोर बसलेल्या माणसाविषयी नको. 'हा काकांसारखा असतो' असे म्हणण्यास बंदी.

वही ठेवावी

शब्द निवडणाऱ्याने त्या डावात खेळू नये. हे काम पाळीपाळीने घ्यावे. बहुसंख्यांचा शब्द कोणता आणि एकट्याचा कोणता, हे दर वेळी बदलावे, म्हणजे जुन्या खेळाडूस आडाखे बांधता येत नाहीत. नव्या मंडळींसाठी आरंभी खाण्याच्या आणि घरातील वस्तूंच्या जोड्या घ्याव्यात, मग बाजाराच्या, आणि रात्र चढली की 'पत' व 'प्रतिष्ठा' यांसारख्या अमूर्त जोड्या. मोठ्यांत ही शेवटची जोडी फार विचार करावयास लावते. पत ही देणे-घेणे वेळेवर केल्याने वाढते आणि प्रतिष्ठा चारचौघांच्या बोलण्याने, एवढे वेगळेपण शोधून काढण्यातच फेरी सरते.

बँकेतील सवयीने मी या जोड्यांची एक वही ठेवली आहे. जी जोडी रंगली ती जमेला, जी फसली ती नावे, आणि शेऱ्यात कारण: 'लिंग वेगळे', 'फार जवळची', 'मुलांना अपरिचित'. काही महिन्यांनी वही चाळली की आपल्या घरात कोणते शब्द अजून सर्वांच्या ओठी आहेत आणि कोणते एकाच पिढीजवळ उरले आहेत, याचा ताळेबंदच हाती येतो.

आरंभासाठी काही जोड्या देतो. सोप्या: चंद्र-सूर्य, आंबा-फणस, कुलूप-दार, समुद्र-तलाव. मध्यम: मामा-काका, लग्न-बारसे, दही-ताक. जाणत्यांसाठी: ग्राहक-पाहुणा, नफा-पगार. शेवटच्या दोन जोड्या आपल्या घरांत अवश्य खेळून पाहाव्यात. ग्राहक आणि पाहुणा, दोघांचेही आपण 'या, बसा' म्हणून स्वागत करतो, दोघांनाही चहा विचारतो, दोघेही पुन्हा यावेत असे वाटते. आणि 'नफा-पगार' या जोडीत दुकान सांभाळणारा मुलगा व पुण्यात नोकरी करणारा त्याचा भाऊ प्रथमच एकमेकांच्या कमाईविषयी, चिंतेविषयी आणि महिन्याच्या एक तारखेविषयी मोकळेपणाने बोलू लागतात, हे मी पाहिले आहे.

वाचक बंधु-भगिनींना एक विनंती. आपल्या घरातील, गावातील, पेढीतील जुने शब्द जोडीने लिहून, अर्थासह, संपादकांकडे पाठवावेत. जोडीतील शब्दांचे लिंग एक असावे आणि पाचांपैकी तीन विधाने जुळावीत, एवढे पाहून घ्यावे. आलेल्या जोड्या येत्या दिवाळीपूर्वी एकत्र छापता आल्या, तर सुटीत अनेक घरांत त्यांच्या चिठ्ठ्या होतील.